वृद्धाश्रमातला खासगीपणा

खासगीपणा म्हटला की आपल्याला आठवते दाराची कडी. वृद्धाश्रमात ही कडीच आधी जाते. रात्री कुणी पडले, तर परिचारिकेला आत येता आले पाहिजे ना! आंघोळ दुसऱ्याने घालायची, कपाट दुसऱ्याने लावायचे. तुम्हांआम्हांला याचा संकोच वाटेल, एवढेच. पण ज्यांनी जन्मभर आपले प्रेमच लपवले, त्यांनी काय करावे?

ऑस्ट्रेलियातल्या समलिंगी वृद्धांविषयी मी बोलतो आहे. तिथल्या टास्मानिया राज्यात दोन पुरुषांचा शरीरसंबंध, बंद दाराआड आणि राजीखुशीने असला तरी, १९९७ पर्यंत गुन्हा होता. शिक्षा २१ वर्षांपर्यंत. निक टूनेन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे दाद मागितली, तेव्हा १९९४ साली समितीने हा कायदा खासगीपणाचा भंग करणारा ठरवला. आज ऐंशी-पंच्याऐंशीत असलेल्यांचे तारुण्य या धाकात गेले. असा माणूस आश्रमात येतो, तो जोडीदाराचा फोटो बॅगेच्या तळाशी ठेवून. भेटायला आलेल्या जोडीदाराची ओळख 'मित्र' म्हणून करून देतो. पुढे स्मृतिभ्रंश झाला, तर काय बोलावे नि काय नाही, हेही हाती राहत नाही.

तिथले बरेच आश्रम धर्मसंस्था चालवतात. २०१३ साली लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास केंद्रीय कायद्याने बंदी आली. धर्मसंस्थांना त्यात सूट मिळाली खरी. पण सरकारी पैशावर चालणाऱ्या वृद्धसेवेत, राहणाऱ्यांच्या बाबतीत, ती चालत नाही. (नोकरभरतीत मात्र चालते बरं का!)

म्हणजे दार उघडले. पण प्रवेश मिळाला म्हणजे माणूस निर्धास्त झाला, असे थोडेच? दिवसपाळीच्या परिचारिकेला विश्वासाने सांगितलेले नोंदवहीत उतरते, आणि रविवारी भेटायला आलेल्या मुलीच्या कानी जाते. यांपैकी कित्येकांची लग्ने झालेली, मुले-नातवंडे असलेली. तेव्हा सांगितलेले कुठवर जाऊ द्यायचे, हे सांगणाऱ्यानेच ठरवावे, असे मला वाटते. आणि दारावर टकटक केल्यावर 'या' ऐकू येईपर्यंत थांबावे. या गोष्टीला पैसा लागत नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा मूलभूत हक्क मानला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून काढले. त्या दिवशी साठी ओलांडलेली माणसे आपल्याकडेही होतीच. त्यांच्यापैकी कुणी उद्या वृद्धाश्रमाचा अर्ज भरायला बसला, तर 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात, तीस वर्षे एका घरात राहिलेल्या माणसाचे नाव लिहून पुढे नाते काय म्हणून लिहायचे?