विमानाच्या पत्र्यातील तडा
(इच्छापूर येथे ग्रामस्थ व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



बऱ्हाणपूरच्या मागावरचे कापड हाताने फाडण्यापूर्वी दुकानदार त्याच्या काठाला कात्रीने लहानशी चीर देतो. अखंड असताना जे कापड ओढीला दाद देत नाही, तेच चीर पडताच टर्रकन फाटत जाते. कारण सारा ताण चिरेच्या टोकाशी एकवटतो. विमानाच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचेही असेच आहे.

१९५४ साली जानेवारीत व एप्रिलमध्ये ‘कॉमेट’ जातीची दोन ब्रिटिश प्रवासी विमाने भूमध्य समुद्रावर आकाशातच फुटली आणि ५६ माणसे दगावली. उंचावर हवा विरळ असल्यामुळे विमानात दाबाखाली हवा भरतात. प्रत्येक उड्डाणात धड किंचित फुगते, खाली येताच आकसते. आणि पुनःपुन्हा वाकविलेल्या तारेप्रमाणे धातू थकतो. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे तशाच विमानाचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून दाब चढविण्या-उतरविण्याचा प्रयोग झाला. प्रत्यक्ष उड्डाणे धरून ३,०५७ आवर्तनांनंतर ते चौकोनी झरोक्याच्या कोपऱ्याशी फाटले.

पुढे तज्ज्ञांनी भूमिकाच बदलली. तडा पडणारच, असे गृहीत धरावयाचे. मात्र तो सावकाश वाढावा आणि घातक होण्यापूर्वी तपासणीत सापडावा, अशी योजना करावयाची. १९७८ मध्ये अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांसाठी हे तत्त्व नियमात आणले.

येथे केवळ बळकटपणा कामाचा नाही. जस्तयुक्त मिश्रधातू अधिक बळकट खरा. पण तड्यापुढे तांबेयुक्त ‘२०२४’ मिश्रधातू अधिक चिवट, म्हणून धडाच्या पत्र्यासाठी बहुधा त्याचीच निवड होत आली. त्यात लोह व सिलिकॉन यांचे ठिसूळ कण राहिले, तर तड्याला आयतीच वाट मिळते. हे अंश घटवून सिद्ध केलेला ‘२५२४’ मिश्रधातू १९९५ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७७७ च्या धडाला वापरला गेला.

तथापि चिवट धातू केवळ अवधी मिळवून देतो. त्या अवधीत तडा हुडकणे माणसाकडेच राहते. १९८८ मध्ये हवाई बेटांवर जवळजवळ ९०,००० उड्डाणे केलेल्या एका विमानाचे छत उड्डाणातच उडाले व एक परिचारिका प्राणास मुकली. रिव्हेटांच्या छिद्रांशी पडलेले बारीक तडे तपासणीत निसटून एकमेकांस मिळाले होते. आपल्याकडे नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात लढाऊ विमाने उभारली जातात आणि ठराविक सेवेनंतर खोलून तपासलीही जातात, ती याच जातीच्या काळजीपोटी.

शिक्षकांनी वर्गात कागदाच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोहोंच्या काठाला सारखीच चीर द्यावी, एकीच्या चिरेच्या टोकाशी गोल छिद्र पाडावे आणि दोन्ही ओढून पाहाव्यात. छिद्राची पट्टी बहुधा अधिक तग धरते. विमानातील तडा तात्पुरता थोपविण्यासाठी कारागीर त्याच्या टोकाशी असेच छिद्र पाडतात.