खणलेली माती जाते कुठे?

नागपुरात मेट्रोसाठी, उड्डाणपुलासाठी पाया खणला की बऱ्याच ठिकाणी आधी काळी माती निघते, मग मुरूम. मुरूम भरावात खपतो. काळी माती मात्र पाण्यानं फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून भरावाला चालत नाही. मग तिचे ढीग नाल्याकाठी पडतात. पावसात तो गाळ नाग नदीत उतरला की पात्र उथळ होतं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे याच नदीवरचा अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा पात्र मोकळं असण्याचं मोल शहराला कळलं.

ढीग नाल्यापासून लांब हवा, उतार कमी हवा. भोवती चर खणावा, वर ताडपत्री घालावी. जास्त दिवस राहणार असेल तर गवत लावावं. वरचा सुपीक थर वेगळा काढून बागांना द्यावा. ट्रक नाल्यात रिकामा होताना दिसला, तर लगेच महापालिकेला कळवा.