छायाचित्रातला देह आणि संमतीचा प्रश्न

(बार्शीटाकळी येथील कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



नग्नतेचे चित्रण ही पाश्चात्त्यांकडून आलेली विकृती आहे, हे सर्रास केले जाणारे विधान वऱ्हाडात तरी टिकणारे नाही. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरावर मैथुनशिल्पे आहेत. म्हणून त्या देवळाचे पावित्र्य कोणी नाकारलेले नाही. मात्र शिल्प आणि छायाचित्र यांत एक मूलभूत भेद आहे. दगडातली स्त्री कोणी विशिष्ट स्त्री नसते. छायाचित्रातल्या देहाला नाव असते, गाव असते, आईबाप असतात. म्हणून येथे अंगावर वस्त्र किती, हा प्रश्न दुय्यम ठरतो. ज्या व्यक्तीचा तो देह, तिची संमती आहे काय, आणि लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा पहिला प्रश्न होय.

र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केले व त्यातून नग्न चित्रे निर्भयपणे छापली. शरीर लाजिरवाणे नाही, ही त्यांची भूमिका. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच.

पुढे १९९५ साली बुटांच्या एका जाहिरातीसाठी प्रबुद्ध दासगुप्ता यांनी मिलिंद सोमण व मधु सप्रे यांचे छायाचित्र घेतले. दोघांच्या अंगावर बूट आणि एक अजगर, एवढेच. खटला चालला आणि २००९ साली आरोपींची सुटका झाली. चौदा वर्षे चर्चा झाली ती नग्नतेची. कर्व्यांच्या अंकात देह ज्ञानासाठी होता, येथे तो माल खपविण्यासाठी होता. हा भेद कोणी फारसा विचारात घेतला नाही.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने टेनिसपटू बोरिस बेकर व त्याची वाग्दत्त वधू यांचे नग्न छायाचित्र अश्लील नसल्याचा निर्णय दिला. ते तिच्या वडिलांनीच काढलेले होते आणि वर्णद्वेषाविरुद्ध बोलत होते. १८६८ चा इंग्रजी निकष बाजूला सारून न्यायालयाने समकालीन समाजाची कसोटी लावली. हे स्वागतार्हच. तथापि ही कसोटीदेखील पाहणाऱ्याच्या मनाची आहे. चित्रातल्या व्यक्तीचा विचार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई मध्ये दिसतो: संमतीवाचून कोणाच्या खाजगी अंगांचे चित्रण वा प्रसारण करणे हा गुन्हा आहे.

समाजवाद्यांनी याही पुढे गेले पाहिजे. रवी जाधव यांच्या 'न्यूड' या २०१८ च्या चित्रपटातली आई मुलाच्या शिक्षणासाठी कलाशाळेत विवस्त्र बसते. तिने होकार दिला आहे. पण पोटाच्या गरजेने दिलेला होकार कितपत मोकळा असतो? तिचे बसणे हेही श्रमच आहेत. त्यांना रास्त मोल हवे आणि सन्मानही हवा. शिवाय आज दिलेला नकार उद्या भाकरी हिरावून घेणार नाही, ही हमी हवी.

हा प्रश्न केवळ मुंबईच्या कलादालनांचा नाही. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि यंत्राने बनविलेल्या खोट्या चित्रालाही खऱ्याच मुलीचा चेहरा लागतो. एखाद्या मुलीचे खाजगी छायाचित्र गावात फिरू लागले की, 'तिने ते काढूच का दिले?' असे विचारले जाते. कार्यकर्त्याने विचारावे, 'ते पसरविले कोणी?' आणि तिच्यासोबत पोलीस ठाण्याची पायरी चढावी.