भाताच्या मुळाशी नॉस्टॉक

लावणी आटोपली की खाचरातल्या साचलेल्या पाण्यावर काही दिवसांत निळसर-हिरवा तवंग धरतो. दिसतो शेवाळासारखा, पण असतात ते सूर्यप्रकाशावर जगणारे जिवाणू. भातशेतीला नत्र पुरवण्यात त्यांचा वाटा किती मोठा आहे, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिले.

त्यांतला नॉस्टॉक पाण्यावरच थांबत नाही. एरवी तो मण्यांच्या माळेसारखा, जागचा न हलणारा. वनस्पतीच्या सान्निध्यात मात्र माळ तुटते आणि तिचे आखूड तुकडे चक्क सरपटू लागतात. मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांचा माग काढत ते मुळाला चिकटतात. प्रयोगशाळेत तर नॉस्टॉक पंक्टिफॉर्म भातमुळाच्या बाहेरच्या पेशींच्या आतही सापडला आहे. एवढी मजल मारणारे फार थोडे!

आता खरी गंमत. नत्र पकडणारे विकर प्राणवायूने निकामी होते, आणि हा जीव स्वतःच प्राणवायू सोडतो. म्हणून माळेतल्या काही पेशी जाड भिंती बांधतात, प्राणवायू तयार करणे थांबवतात आणि फक्त नत्राचे काम करतात.

युरियाचा मारा झाला, की आयता नत्र मिळाल्याने या खास पेशी बनणेच मंदावते.