राजाश्रय गेला, देऊळ राहिले
(नंदाखाल येथील पवित्र आत्म्याच्या देवळाच्या महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या या देवळाची स्थापना १५७३ साली झाली. वसई प्रांत त्यापूर्वीच, १५३४ साली, गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांच्या हाती आला होता. तेव्हा आरंभी राजसत्ता या देवळाच्या पाठीशी होती, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

पुढे १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला सर केला व तो आधार सरला. फिरंगी निघून गेले. केळीच्या बागा शिंपणारे ख्रिस्ती शेतकरी मात्र येथेच राहिले. श्रद्धेची खरी कसोटी तेव्हाच लागली. देशी धर्मगुरूंनी संस्कार दिले, आईबापांनी लेकरांस प्रार्थना शिकविल्या, आणि परक्यांचा म्हणून गणला गेलेला धर्म या मातीत आपला झाला.

१९६३ साली व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेस वाव दिला. तेव्हापासून वेदीवर आपली मराठी निनादू लागली. २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. रोपाचा वृक्ष झाला तो असा.

परंतु आज वाड्या विकल्या जात आहेत आणि घरातली सामवेदी बोली लेकरांच्या ओठांवरून ओसरत आहे. पूर्वजांनी जे विपत्काळी राखिले, ते आपण सुकाळी गमवावे काय? या प्रश्नाचे उत्तर भिंती देणार नाहीत. ते आपणांसच द्यावयाचे आहे. त्यासाठी पवित्र आत्मा आपणां सर्वांस सुबुद्धी देवो.