करारातील शहर आणि बाळाचा पत्ता
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषणाचा मजकूर)





जमाखर्चाचा तपशील अहवालात दिलाच आहे. आज आम्ही एका अडचणीविषयी बोलणार आहोत. सरोगसीच्या करारातील पक्ष निरनिराळ्या राज्यांत राहत असतील, तर वादाचा निवाडा कोणत्या न्यायालयाने करावयाचा?

हा प्रश्न २०१४ साली आमच्याच प्रसूतिकक्षात उभा राहिला. शेजारच्या जिल्ह्यातील एक भगिनी परराज्यातील दाम्पत्यासाठी गर्भ वाढवीत होती. तिला अवेळी कळा आल्या, जवळचे रुग्णालय म्हणून ती आमच्याकडे दाखल झाली आणि तेहतिसाव्या आठवड्यात मुलगी जन्मली. बाळाला काचेच्या पेटीत ठेवावे लागले. संमतीपत्रावर सही करण्यास ती भगिनी कचरत होती. "हे बाळ माझे नाही, असे मीच लिहून दिले आहे हो," असे ती रडत म्हणाली. दाम्पत्याशी पाच दिवस संपर्क होईना. करारात मात्र ठळक अक्षरांत छापले होते, की सर्व वाद केवळ त्या दाम्पत्याच्या शहरातील न्यायालयातच चालतील.

वाणिज्य शाखेत करार अधिनियम शिकलेल्या आम्हांस वाटले, की लिहिले आहे ते बंधनकारक. आमच्या वकीलसाहेबांनी तो समज दूर केला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० प्रमाणे प्रतिवादी राहतो तेथे, किंवा वादाचे कारण पूर्णतः वा अंशतः घडले तेथे, दावा चालतो. अशी दोन न्यायालये असतील, तर पक्षकार त्यांतील एक निवडू शकतात. पण ज्या न्यायालयास मुळात अधिकार नाही, त्यास तो कराराने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ सालीच सांगितले आहे. शिवाय हे सारे पैशाच्या वादापुरते. पालकत्वाचा अर्ज पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ९ प्रमाणे अज्ञान बालक जेथे सामान्यतः राहते, तेथील न्यायालयात करावा लागतो. त्या मुलीने तर आमच्या पेटीखेरीज दुसरे घर पाहिलेच नव्हते!

२००८ सालचे प्रकरण आपणांपैकी काहींना आठवत असेल. जपानी दाम्पत्यासाठी गुजरातेत आणंद येथे एक मुलगी जन्मली. जन्मापूर्वीच दाम्पत्याचा घटस्फोट झाला होता. बाळास जयपूरला नेल्यावर एका संस्थेने राजस्थान उच्च न्यायालयात अर्ज केला. आजी सर्वोच्च न्यायालयात गेली. बाळाविषयीच्या तक्रारी २००५ च्या कायद्याखालील बालहक्क आयोगापुढे मांडाव्यात, असे न्यायालयाने २९ सप्टेंबर २००८ रोजी सांगितले. एका तान्ह्या जिवासाठी दोन राज्ये व दोन देश गुंतले.

सरोगसी (नियमन) अधिनियम, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. व्यापारी सरोगसी आता गुन्हा आहे. बाळाचे मातृत्व-पितृत्व व ताबा यांविषयी प्रथम वर्ग दंडाधिकारी किंवा वरच्या न्यायालयाचा आदेश आधीच घ्यावा लागतो. तोच पुढे जन्माचा पुरावा ठरतो. गर्भ वाढविणाऱ्या स्त्रीसाठी ३६ महिन्यांचा विमाही आवश्यक आहे. भांडण उद्भवल्यावर न्यायालय शोधण्याची वेळ यामुळे बरीच टळते.

आमचे रुग्णालय सरोगसीचे नोंदणीकृत केंद्र नाही. तरीही निकडीची प्रसूती आम्ही नाकारत नाही. म्हणून आम्ही ठरविले आहे, की दाखल होताच आदेशाची प्रमाणित प्रत, विम्याची कागदपत्रे आणि इच्छुक पालकांचा पत्ता व दूरध्वनी मागावयाचा. परंतु कागद नाहीत म्हणून उपचार क्षणभरही थांबवावयाचे नाहीत.

त्या मुलीचे काय झाले? आम्ही बालकल्याण समितीस कळविले आणि डॉक्टरांनी सहीची वाट न पाहता उपचार चालू ठेवले. सहाव्या दिवशी दाम्पत्य आले. प्रवासातील आजारपणामुळे उशीर झाला, असे त्यांनी सांगितले. समितीसमोर जबाब होऊन महिन्याने बाळ घरी गेले. त्या पाच दिवसांचा खर्च आपण दिलेल्या नवजात शिशू निधीतून झाला. वहीत ती एक ओळ आहे, पण तिचे ऋण आम्ही विसरलेलो नाही.