मालमोटार आणि घरची कर्मशाळा

मालमोटारीच्या कमानीस एक पाटा अधिक घातला म्हणजे तिची भारशक्ति वाढली, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु आंस, चाकें व ब्रेक पूर्वीचेच राहतात. आणि उतारावर भार आवरावयाचा असतो तो त्यांनाच! शिवाय नोंदणीपत्रांतील मूळ तपशील बदलणाऱ्या फेरफारास १९८८ च्या मोटारवाहन कायद्याचें ५२ वें कलम मनाई करतें. घरच्या कर्मशाळेंतही असाच विवेक हवा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कदापि शिरूं नये. भक्कम घोड्या लावाव्या. भिंतीवरील फळीवर प्रत्येक हत्याराची आकृति रेखावी. काम आटोपल्यावर जी आकृति रिकामी दिसेल, तिचा पाना गाडींतच राहिला असें समजावें, आणि तो सांपडेपर्यंत गाडी सुरू करूं नये.